बिनकिल्लीच्या गाडीतून टिटवाळा

लोक बद्रीकेदारला जातात, कुलू-मनालीला जातात, हल्ली तर सिंगापूरला जाऊन येतात आणि त्यावर लिहितात. मी ठाण्याहून टिटवाळ्याला गेलो आणि त्यावर लिहितो आहे. ठाण्यातल्या माणसाला टिटवाळा माहीत नाही असं नाही. दर संकष्टीला इथून माणसं जातात. पण ती रेल्वेत बसतात, एक डुलकी काढतात आणि टिटवाळ्याला उतरतात. कळव्याचा पूल, मुंब्र्याचं रेतीबंदर, शीळफाटा, डोंबिवली, कल्याण, रायता, गोवेली असा रस्त्यानं टिटवाळा गाठलेला माणूस निदान आमच्या गल्लीत तरी नाही. तेव्हा न गेलेल्यांसाठी हे लिहायला हरकत नसावी.

एक गोष्ट मात्र आधीच कबूल करतो. हा सगळा प्रवास मी जळत केला. डोंगर पाहिले, खाडी पाहिली, पण मनात एकच चालू होतं, की ही गाडी माझ्या साडूची आहे आणि हिला किल्ली लागत नाही. वाचकांनी वर्णनात कुठे कडवटपणा आढळल्यास तो निसर्गाचा समजू नये.

शनिवार, ठाणे

नाना म्हणजे आमचे सासरे. त्यांना मुलगा नाही, दोन मुली. थोरली मालती माझी बायको, धाकटी नलू डोंबिवलीच्या जयंतरावांची. नानांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं होतं. ते टिटवाळ्याच्या गणपतीपाशीच करायचं, असं सासूबाई फार पूर्वी बोलून ठेवून गेल्या होत्या. त्या गेल्यापासून नानांनी आमच्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं, फक्त हे मागितलं. मुहूर्त रविवारी सकाळी साडेअकरापर्यंतचा. नानांचे गुडघे रेल्वेचे जिने चढण्यापलीकडे गेले होते, म्हणून रस्त्यानं जायचं, शनिवारी रात्री डोंबिवलीला राहायचं आणि सकाळी कल्याणहून गुरुजींना घेऊन पुढे व्हायचं. नलू दोन दिवस आधीच टिटवाळ्याला तयारीला गेली होती.

मोटार माझ्याकडेही आहे. खरं तर ती नानांचीच जुनी काळी मोटार. दहा वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. सगळे म्हणाले, थोरल्या जावयाचा मान केला. मला वाटलं, भंगार माझ्या गळ्यात मारलं. ती चालू करणं ही एक पूजाच आहे. चोक अर्धाच ओढायचा, पाय दोनदा दाबायचा, मग किल्ली फिरवायची. चोक पुरता ओढला की ती पेट्रोल पिऊन रुसते आणि तासभर हलत नाही. त्यात तिचा रेडिएटर गळत होता, म्हणून टिटवाळ्याला जयंतरावांच्या गाडीतून जायचं ठरलं.

दुपारी जयंतराव आले. मी लायब्ररीत पुस्तकं देतो-घेतो, ते डोंबिवलीच्या एका रसायनांच्या कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करतात. माणूस हातानं अतिशय गुणी, हे मी इथे लिहितो आहे, तोंडानं कधी म्हटलेलं नाही. नाना मला ‘श्रीरंगराव’ म्हणतात आणि अहोजाहो करतात. त्यांना ‘जयंता’ म्हणतात. सतरा वर्षं मी हा जयंता ऐकतो आहे. मान माझा आणि माया त्यांच्यावर, अशी ही वाटणी मला कधीच पसंत पडलेली नाही.

त्यांची गाडी छोटी, पांढरी, आपल्याकडे रस्त्यावर दहांत सहा दिसतात तशीच. पण स्टिअरिंगजवळ जिथे किल्ली घालतात तिथे एक प्लॅस्टिकचं बूच होतं आणि शेजारी दाराच्या घंटेचं लाल बटण. अगदी आपल्या दारावर असतं तेच. जयंतरावांनी डावा पाय क्लचवर ठेवला, बटण दाबलं आणि गाडी चालू झाली. पुन्हा दाबलं, बंद झाली. आमच्या सोसायटीतली अर्धी माणसं खाली उतरली. माझी गाडी दहा वर्षं खाली उभी आहे, तिच्यासाठी कोणी उतरलेलं नाही.

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि मी ऐकत नाही असं दाखवत सगळं ऐकलं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात साबणाच्या डबीएवढी एक डबी होती. तिच्यात ट्रान्झिस्टरचा चौकोनी सेल आणि थोडी जोडाजोड. ही डबी सतत एकच बारीक सूर हवेत सोडत असते. आपल्याला तो ऐकू येत नाही, हातभर अंतराच्या पलीकडे जातही नाही. डॅशबोर्डाखाली दुसरी डबी आहे, तिचे कान फक्त त्या एका सुराला लावलेले. तो ऐकू आला की हिरवा दिवा लागतो आणि इंजिनाकडे जाणारी वीज मोकळी होते. नुसतं बटण दाबून भागत नाही. सूर हवा, क्लचवर पाय हवा, मग बटण. पाय नसला आणि गाडी गिअरमध्ये असली तर बटण दाबताच ती उडी मारेल, म्हणून ती सोय. किल्लीचं काम दोघांत वाटून दिलेलं. ओळख पटवायचं काम डबीचं आणि चालू करायचं बटणाचं. परदेशात असलं काही निघतंय असं त्यांनी एका मासिकात वाचलं होतं आणि तेवढ्यावरून चार महिने खपून हे बनवलं होतं.

मी शंका काढायच्या ठरवल्या. विचारलं, चालत्या गाडीत डबीतला सेल संपला तर? इंजिन बंद पडून मागचा ट्रक अंगावर येईल.

“म्हणूनच गाडी एकदाच विचारते,” जयंतराव म्हणाले. “चालू करताना. एकदा चालू झाली की डबी खाडीत फेका, गाडी चालत राहते.”

मग म्हटलं, आणि उभ्या गाडीत सेल संपला तर? ते लगेच खुलून म्हणाले, “त्याचीच तर गंमत आहे. त्याला मी काय केलंय, सांगतो. इथे खाली...”

मला ती गंमत नको होती. या माणसाकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर आहे हे मला एका दुपारी पुरेसं झालं होतं. मी म्हटलं, पुरे जयंतराव, ऊन चढतंय, नानांना त्रास होईल. डिसेंबरातलं ऊन. मालतीनं माझ्याकडे पाहिलं.

कळवा आणि रेतीबंदर

कळव्याच्या पुलावरून खाडी दिसते ती आपण रोज रेल्वेतून पाहतो तीच, असं वाटत असेल तर चूक आहे. रेल्वेतून ती अर्ध्या मिनिटात संपते. गाडी पुलाच्या पलीकडे कडेला घेतली तर ओहोटीच्या वेळी चिखलात निवट्या, म्हणजे बोटभर मासे, उड्या मारताना दिसतात. नानांना निवट्या फार आवडतात. उद्या धार्मिक कार्य असल्यामुळे त्यांनी त्या फक्त डोळ्यांनी खाल्ल्या.

रेतीबंदरापाशी एक कोळीण टोपली घेऊन बसली होती. नानांनी काच खाली करून भाव विचारला, घ्यायचं काही नव्हतं तरी. बोलता बोलता तिनं जयंतरावांना बटण दाबताना पाहिलं आणि उठून जवळ आली. चावी कुठे, म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर तिनं वाकून आत पाहिलं.

“आमचे होरीचे मशीनला दोरी हाय,” ती बंदरातल्या एका होडीकडे हात करून म्हणाली. “दोरी ओढली का चालू. तुमचे गाडीला दोरी पन नाय, चावी पन नाय. मंग चोर काय चोरल?”

जयंतराव एवढे हसले की त्यांनी तिला खिशातली डबी काढून हातात दिली. ती डबी कानाला लावून ऐकत राहिली. नाना मागून म्हणाले, जयंताचं डोकं आहे ते. मी पारसिकच्या डोंगराकडे बघत बसलो. डोंगर चांगला आहे. पायथ्याला खाडी, मध्ये रेल्वे, वर झाडी, आणि जिथे झाडी नाही तिथे खाणींचे पांढरे ओरखडे.

शीळफाट्यानंतर रस्ता मोकळा होतो. दोन्ही बाजूंना भाताची कापलेली खाचरं, मध्येच विटांच्या भट्ट्या आणि उजवीकडे लांबवर मलंगगड. ठाण्याच्या इतक्या जवळ इतकं आकाश शिल्लक आहे याचं मला आश्चर्य वाटलं. काटईला मालतीनं रस्त्यावरच वालाच्या शेंगा घेतल्या. गाडी पाच ठिकाणी थांबली असेल आणि पाचही वेळा लाल बटणावर बोट गेलं. माझा उजवा अंगठा नुसता शिवशिवत होता. एकदा म्हटलंही, की मी चालवू का थोडी? जयंतराव म्हणाले, उद्या बघू, तिचा क्लच जरा वेगळा आहे. क्लच वेगळा नव्हता. माणसाला आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात द्यायला नको असते. मीही दिली नसती.

डोंबिवली

ठाणेकर डोंबिवलीकडे जरा वरून पाहतो. डोंबिवलीत आमच्यापेक्षा जास्त नाटकं होतात, जास्त व्याख्यानं होतात आणि माणसं त्यांना वेळेवर जातात, हे आम्ही मान्य करत नाही इतकंच. जयंतरावांच्या घरी गेल्यावर मला आणखी एक फरक दिसला. आमच्याकडे पंखा बंद पडला की आम्ही वायरमनला निरोप धाडतो. त्यांच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी कारखान्यातला माणूस, आणि प्रत्येकाच्या गॅलरीत एक टेबल, त्यावर डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न आणि डब्यांत भरलेलं भंगार. जयंतरावांच्या गॅलरीत तर पाय ठेवायला जागा नव्हती. कोणाच्याही घरी गेले की ते टाकाऊ वस्तू मागून आणतात. आमच्या गाडीचं किल्ली घालायचं जुनं स्विच झिजलं म्हणून दोन वर्षांपूर्वी मी नवं बसवलं, तेव्हा ते जुनं त्यांनी मागून नेलं होतं. खुशाल न्या, त्याची किल्ली तेवढी कुठे सापडत नाही, असं मी हसत म्हटलं होतं. ते कुठे दिसतं का म्हणून मी सहज पाहिलं. दिसलं नाही.

संध्याकाळी पानं मांडली आणि माझ्यापुढे वालाचं बिरडं आलं. नलू घरी नव्हती. आदल्या दिवशी वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलून हे जयंतरावांनी स्वतः केलं होतं. मालतीनं पहिला घास घेतला आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. सतरा वर्षांत मी वाल सोललेला नाही हे त्या पाहण्यात होतं. बिरडं उत्तम झालं होतं. खोबरं अगदी बेतात, वर कोथिंबीर. मी दोनदा वाढून घेतलं आणि मीठ जरा कमी आहे असं म्हटलं.

जेवणाआधी नानांनी सदरा काढला, तेव्हा त्यांच्या जानव्याला बांधलेल्या किल्ल्या खुळखुळल्या. कपाटाची, ट्रंकेची, आणखी कसल्या कसल्या. त्या त्यांनी आयुष्यभर तिथेच बांधल्या आहेत. मालती म्हणाली, नाना, आता कुलपं तरी कुठे राहिली आहेत तेवढी, काढून ठेवा. ते म्हणाले, राहू दे, त्यांचा भार नसला तर मला चुकल्यासारखं होतं.

रविवार, कल्याण

सकाळी कल्याणला पारनाक्याजवळच्या एका अरुंद गल्लीत गुरुजींच्या दाराशी थांबलो. गल्ली इतकी अरुंद की गाडीचं दार उघडलं तर समोरच्या ओट्याला लागायचं. जयंतराव इंजिन चालू ठेवून वर गेले. ते दिसेनासे होतात न होतात तोच मागे एक टेम्पो येऊन भोंगा वाजवू लागला.

मी मागेपुढे न पाहता सरकून स्टिअरिंगमागे बसलो. खरं सांगायचं तर त्या टेम्पोवाल्याला मी मनातून आशीर्वाद दिला.

तेवढ्यात जयंतराव वरच्या गॅलरीत आले. गुरुजी दुसऱ्या एका घरी पूजेला गेले होते आणि अर्ध्या तासात यायचे होते. तुम्ही नानांना घेऊन पुढे व्हा, मी गुरुजींना घेऊन लोकलनं येतो, असं त्यांनी ओरडून सांगितलं. मग टेम्पोचा भोंगा सुरू झाला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. ते दोन्ही हातांनी आपल्या छातीवर, खिशावर थापा मारत होते. मला वाटलं, गाडी माझी आहे हे सांगताहेत, जपून चालवा म्हणताहेत. मला राग आला. मी हात हलवला आणि गाडी गल्लीबाहेर काढली.

रायत्याचा पूल

शहाडचा पूल ओलांडला की कल्याण मागे पडतं. पुढे वरप, कांबा अशी गावं लागतात. दारांसमोर सारवलेली अंगणं, अंगणात वाळत घातलेले पावटे, म्हशी. आणि मी गाडी चालवत होतो. ती लोण्यासारखी पळत होती. माझी गाडी चढावर येते तेव्हा आतल्या सगळ्यांनी पुढे वाकावं असं वाटतं, ही नुसती जात होती. नाना म्हणाले, श्रीरंगराव, हात बसला की तुमचा. दहा वर्षांत त्यांनी माझ्या गाडी चालवण्याबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द. मी इतका सुखावलो की माझं डोकं फिरलं.

रायत्याच्या पुलाखालून उल्हास नदी वाहते. डिसेंबरात पाणी निवळशंख असतं आणि पलीकडच्या काठावर बायका धुणी धूत असतात. पूल ओलांडल्यावर एका आंब्याखाली मी गाडी घेतली. सव्वादहा वाजले होते, वेळ भरपूर होता. म्हटलं, नानांना नदी दाखवू. नानांनी नदी मागितली नव्हती. मला बटण दाबायचं होतं. एकदा बंद करायला आणि एकदा, कोणी बघत नसताना, माझ्या अंगठ्यानं चालू करायला.

दाबलं. बंद झाली. फार बरं वाटलं.

नदी पाहून झाली. क्लचवर पाय ठेवला, बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, मग जोरात दाबलं. तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं की हिरवा दिवा लागलेला नाही. आणि मग ते गॅलरीतले जयंतराव, खिशावर थापा मारणारे, माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. डबी त्यांच्या खिशात होती. गाडी चालू असताना तिनं विचारलं नव्हतं, आता ती विचारत होती, आणि उत्तर देणारा कल्याणला गुरुजींच्या ओट्यावर बसला होता.

“काय झालं?” मालतीनं विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, जरा गरम झाली असेल.

सायकलवरून भाजी घेऊन जाणारे दोन आगरी भाऊ थांबले. धक्का मारू का, म्हणाले. मला माहीत होतं की उपयोग नाही. इंजिनाकडे वीजच मोकळी झालेली नसेल, तर धक्क्यानं चाकं फिरतील, इंजिन पेटणार नाही. पण हे सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. त्यांनी दोनदा, आंब्यापासून वळणापर्यंत, धापा टाकत ढकललं. थोरला कपाळ पुसत म्हणाला, “काका, चावी लावलीय ना?”

“हिला चावी नाही,” मी म्हटलं.

“मंग कशी चालंल?” तो म्हणाला आणि भावाकडे बघून सायकलवर बसला. गोवेलीला रिक्षा दिसली तर पाठवतो असं तरी म्हणाला.

अकराला वीस मिनिटं कमी होती. रिक्षा आली नाही. एक एसटी आली, हात केला, थांबली नाही, माणसं दारात लोंबकळत होती. नाना मागच्या सीटवर सरळ बसले होते, मांडीवर नारळाची पिशवी. ते घड्याळाकडे बघत नव्हते, माझ्याकडेही बघत नव्हते. तेच मला सहन होईना. रागावले असते तर बरं झालं असतं. सासूबाईंनी बोललेली एकच गोष्ट, आणि ती मी एका लाल बटणापायी घालवत होतो.

मी मालतीला खरं सांगितलं, सगळं. नदी दाखवायची नव्हती, बटण दाबायचं होतं, हेही सांगितलं. तिनं डॅशबोर्डाकडे पाहिलं. मग म्हणाली, “काल ते सांगत होते ना, सेल संपला तर काय करायचं. इथे खाली, असं काहीतरी म्हणाले आणि तुम्ही ऊन काढलंत.”

इथे खाली. मी गुडघ्यांवर बसून डॅशबोर्डाखाली डोकं घातलं. वायरी, वायरी, एक डबी, तिच्यामागे पत्र्याची एक झडप. झडप उघडली. आत पितळेचं एक किल्ली घालायचं भोक. म्हणजे बिनकिल्लीच्या गाडीलाही शेवटी किल्ली होतीच. पण ती जयंतरावांकडेच असणार. मी तसाच खाली बसून राहिलो आणि मालतीला सांगितलं, आत कुलूप आहे, पण आपल्याकडे किल्ली नाही.

“कसलं कुलूप?” नाना मागून म्हणाले.

त्यांना उतरवायला दोन मिनिटं लागली. पुढच्या सीटवर बसून ते वाकले. डोळ्यांनी त्यांना दिसणं शक्य नव्हतं, त्यांनी बोटांनी चाचपलं. भोकाच्या कडेवर बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. तिथे एक खाच होती.

“ही खाच मी पाडली,” ते म्हणाले. “मालती पोटात होती, आम्ही घाईत होतो, आणि मी ट्रंकेची किल्ली घातली होती. हे आपल्या गाडीचं आहे.”

मग त्यांनी शाल बाजूला केली, स्वेटर वर केला, सदऱ्याची बटणं काढली आणि जानवं बाहेर ओढलं. झुबक्यातली एक झिजून गुळगुळीत झालेली किल्ली त्यांनी न बघता वेगळी केली. गाडी मला दिली तेव्हा मला एक किल्ली दिली होती. ही दुसरी त्यांनी ठेवून घेतली होती, दहा वर्षं, आणि त्यातली शेवटची दोन तर ती त्या गाडीला लागतही नव्हती. जानवं सोडवायला वेळ नव्हता. ते तसेच वाकले, किल्ली आत गेली आणि फिरली.

हिरवा दिवा लागला नाही, त्याची आता गरज नव्हती. नाना म्हणाले, श्रीरंगराव, तुमचं ते बटण दाबा. मी खिडकीतून हात घालून दाबायला गेलो, तर मालतीनं आधी मला स्टिअरिंगमागे बसवलं आणि क्लचची आठवण करून दिली. गाडी चालू झाली. किल्ली कुलपात, जानवं किल्लीला आणि नाना जानव्यात, असे ते दोन मिनिटं वाकून बसले होते. मग त्यांनी हळूच गाठ सोडली आणि ताठ झाले.

टिटवाळा

अकरा वाजून दहा मिनिटांनी देवळामागच्या कार्यालयाशी पोचलो. जयंतराव आणि गुरुजी आमच्याआधी पाच मिनिटं आले होते. जयंतराव रस्त्यावर उभे होते, चेहरा पांढराफटक. संकल्प वेळेत सुटला. नलू आणि मालतीनं एक्याऐंशी दिव्यांनी नानांना ओवाळलं. त्या उजेडात त्यांचे डोळे पाण्यानं भरलेले दिसले, किंवा धूर झाला असेल. उकडीचे मोदक होते, नारळ ताजा होता, आणि इथे मला मीठ वगैरे काही काढायला सुचलं नाही.

जेवणानंतर आम्ही दोघे तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. मी विचारलं, ते आमच्या गाडीचं स्विच का लावलंत. बाजारात नवं मिळालं असतं, चांगल्या दोन किल्ल्यांसकट.

जयंतरावांनी पाण्यात एक खडा टाकला.

“नानांकडे तिची किल्ली आहे हे मला माहीत होतं,” ते म्हणाले. “ते पंचा नेसून अंघोळ करत होते तेव्हा जानव्याला पाहिली होती. म्हटलं, कधी डबी बंद पडली तर नानांकडे मागायला जाता येईल. तेवढं तरी.”

मला कळेना. तेवढं तरी म्हणजे काय?

“नानांनी गाडी तुम्हाला दिली, तेव्हा मी आठ दिवस घरात धड जेवलो नव्हतो. नलूला विचारा. यंत्र कळतं मला, आणि गाडी लायब्ररीतल्या माणसाला. मला जयंता म्हणतात, पाठीवर थोपटतात. पण किल्ली रावांना मिळते.” ते थांबले. “किल्ली मिळाली असती श्रीरंगराव, तर हे बटण कशाला करत बसलो असतो मी?”

दहा वर्षं ती गाडी मी पावसात भिजू दिली होती.

परत

परतीचा रस्ता तोच, त्यामुळे वर्णन करत नाही. गाडी जयंतरावांनी चालवली. रायत्याच्या आंब्यापाशी त्यांनी ती थांबवली, इंजिन बंद केलं, खिशातली डबी काढून माझ्या खिशात ठेवली आणि जागा बदलली. हिरवा दिवा माझ्यासाठी लागला. पण सकाळी वाटलं होतं तितकं मात्र बरं वाटलं नाही.

ठाण्याला आल्यावर मी माझ्या गाडीवरचं कापड काढलं, काचा पुसल्या, रेडिएटर दुरुस्त करून घेतला. तिच्या किल्लीची दुसरी प्रत करून आणली. येत्या रविवारी ती डोंबिवलीला न्यायची, जयंतरावांच्या हातात द्यायची आणि म्हणायचं की महिन्यातून एक आठवडा गाडी तुमच्याकडे. नानांना सांगितलं, तर ते माझ्या पाठीवर दोन थापा मारून आत गेले. जाताना म्हणाले, “ने रे श्रीरंगा.”

तर किल्ली मी देणार आहे, त्यात आता बदल नाही. चोक अर्धाच ओढायचा, हे सांगायचं की नाही, ते मात्र डोंबिवली येईपर्यंत ठरवेन.